गळाचं शेत

नकाशावर गावाच्या नावाला बारा अक्षरं.
मी पहिल्या दिवशी ती सगळी उच्चारली: ऑस्गार्थ्वेट.
एडना आयव्हसन हसली, खुर्चीतल्या खुर्चीत हलली.
"ऑस्कट," म्हणाली. "ऑस्कट.
बाकीची पाहुण्यांसाठी."

मी ते समासात देवनागरीत टिपलं,
तेव्हापासून तसंच टिपते.
यॉर्कशरच्या या खोऱ्यात जे जसं बोलतात
ते तसंच बसतं माझ्या बाराखडीत;
रकान्यातलं रोमन नंतर,
घरी, चहा गार होईतो, अंदाजाने.

पत्रकं जिल्ह्याच्या दफ्तरखान्यातून येतात, छापील.
शेताचं नाव. पर्यायी नाव. कोणी सांगितलं.
खूण शिल्लक आहे किंवा नाही.
एडना एक्क्याण्णवची. तिचं बोट संधिवाताने वाकलंय,
दाखवते एक शेत, पडतं शेजारच्यावर,
म्हणून प्रत्येक नाव दोनदा विचारायचं.

डॉबिन गार्थ: तिथे घोडा पुरलाय.
सेवन नाइट्स: सात रात्री मेंढ्या बर्फाखाली,
आठव्या दिवशी अकरा जिवंत निघाल्या.
बेटीज पीस.
"बेटी कोण?"
"ते कोणालाच ठाऊक नाही गं.
पण शेत तिचंच."

ओढ्याकाठच्या वाकड्या तुकड्यावर
जुन्या नकाशात सुबक अक्षरांत लिहिलंय एंजल.
मी म्हटलं, किती छान, देवदूताचं शेत!
एडनाने चष्मा काढला.
"देवदूत कसला? अँगल. गळ. मासे धरायचा.
बघ की, कसं वळलंय.
तो साहेब घोड्यावरून उतरलाच नसेल,
माझ्या पणजोबांच्या तोंडात दात नव्हते,
झाला देवदूत."

माझे वडील तासगावला मोजणी खात्यात होते.
साखळी ह्याच लोकांची, सहासष्ट फुटी;
अर्धी लांब, अर्धी रुंद, तो आमचा गुंठा.
बांध मोजता येतो, ते म्हणायचे,
बांधावरचं भांडण मोजता येत नाही.
इथे भांडायलाही कोणी उरलं नाही.
फार हंगरीत आता तीन तंबू आहेत,
आंघोळीचं लाकडी पिंप आहे,
आणि पाटीवर नवंच काहीतरी नाव.

"खूण शिल्लक आहे?" मी विचारते.
"अॅश-झाडापाशी डावीकडे वळायचं."
"झाड आहे?"
"छे! बासष्टच्या वादळात गेलं."
"मग नाही लिहू?"
ती बराच वेळ खिडकीबाहेर बघते.
"वळण आहे ना," म्हणते.
पत्रकात तसा रकाना नाही.
मी दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर
बरोबर टेकवते फुली.

मार्चमध्ये अँगलच्या भिंतीवरून उतरताना
दगडी पायरी निसटली आणि मी आडवी,
फीत ओढ्यात, पत्रकं मेंढ्यांच्या पायाशी,
गुडघ्याला चार टाके.
पंधरवड्याने पुन्हा गेले तर एडना फोनवर,
नातवाला सांगत होती कोकरू कुठे अडकलंय:
"वर जा, सनी स्टेप्स ओलांडून, हो, सनी स्टेप्स,
ती नावं गोळा करणारी पडली ना, तिथे."

सुनेत्राचं सनी तिने पहिल्याच दिवशी केलं होतं.
मी कधी दुरुस्त केलं नाही.

आता घरी, टेबलावर, कोरं पत्रक सत्तेचाळीस.
कोणी सांगितलं: ए. आयव्हसन.
कधीपासून: मागचा महिना.
लिहू की नको, ठरत नाही.
लिहिलं तर शंभर वर्षांनी कोणी येईल,
त्या उत्तरेकडच्या, कायम ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर
उभं राहून आभाळाकडे बघेल,
आणि टिपून घेईल:
इथे पूर्वी ऊन येत असावं.